प्रचाराच्या जीपमधली घरघर

तंकमणीचा आवाज सगळ्या तालुक्याच्या ओळखीचा होता. चेहरा मात्र फारसा कोणाला ठाऊक नव्हता. देवळाचा उत्सव असो, साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन असो, नाहीतर कुणा जुन्या मास्तरांच्या अंत्ययात्रेची वेळ असो, मोयदीनच्या जीपमध्ये बसून भोंग्यावरून ते गावोगाव सांगायचं, हा तिचा धंदा. आनंदाला एक सूर, दुःखाला दुसरा आणि निवडणुकीला तिसरा. तिसरा तिला सगळ्यात सोपा जाई, कारण त्यात खरं असं काही बोलावं लागत नसे.

माणसांबद्दल तिचं मत काही फार बरं नव्हतं. "माइकमागे बसलं ना, की माणसं तोंडावर कशी असतात त्यापेक्षा पाठमोरी कशी असतात ते जास्त कळतं," असं ती म्हणायची. त्यातही उमेदवार म्हणजे तिच्या लेखी सगळ्यात हलका माल. वर्षानुवर्षं ज्याला समोरच्याचं नाव आठवत नाही तो पंधरा दिवस त्याच्या म्हशीचीसुद्धा चौकशी करतो, हे तिने पुष्कळ वेळा पाहिलं होतं.

त्या वर्षी केरळातल्या पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखून ठेवल्या गेल्या. नदीकाठचा पुळक्करा वॉर्ड त्यात सापडला. तिथला मेंबर पुरुषोत्तमन. दोन खेपा निवडून आलेला, फरशांच्या दुकानाचा मालक, पांढरी खळ केलेली मुंडू लुंगीसारखी नेसून चालताना तिचा काठ दोन बोटांत धरणारा. जागा गेली तेव्हा त्याने दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी बायकोला उभं केलं. आजूबाजूच्या वॉर्डांतही तेच चाललं होतं. नवऱ्यांनी आपापल्या खुर्च्यांवर बायकांचे पदर टाकून ठेवले होते, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसे.

तो तंकमणीकडे आला तेव्हा मजकूर लिहूनच घेऊन आला होता. तंकमणीने तो वाचला.

"मेंबर, यात तुमचं नाव आठ वेळा आहे."

"लोक मला ओळखतात ना."

"आणि उभं कोण आहे?"

"ओमना. माझी मिसेस."

"तिचं नाव शेवटी एकदा आहे. तेही इस्त्रीच्या आधी." इस्त्री ही त्यांना मिळालेली निशाणी होती.

"तिचं नाव घेऊन काय करायचंय? पुरुषोत्तमनची बायको म्हटलं की झालं."

"मशीनवर पुरुषोत्तमनची बायको असं बटण नसतं, मेंबर," तंकमणी म्हणाली. त्यावर तो हसला. आपल्याला टोमणा बसला की मोठ्याने हसायचं, हे त्याला राजकारणाने शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी जीप त्याच्या दारात उभी राहिली. वर दोन भोंगे, मागच्या बाकाखाली बॅटरी, बाकाच्या पायाशी लाकडी खोक्यात ॲम्प्लिफायर आणि पुढच्या सीटवर माइक घेऊन तंकमणी. जीप निघण्याआधी तिचा एक नियम असे. सगळ्यांचे मोबाईल बंद करून तिच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि डबा कुणाच्या तरी घरी ठेवायचा. मागे एकदा मोयदीनच्या फोनमुळे भोंगा ऐन मोक्याला गुरगुरला होता आणि वारलेल्या मास्तरांचं नावच खाऊन टाकलं होतं. अर्धं गाव हार घेऊन दुसऱ्याच मास्तरांच्या घरी गेलं आणि ते मास्तर पायरीवर पेपर वाचत बसले होते. तेव्हापासून हा डबा.

मोयदीनने निमूट फोन टाकला. मेंबरने तोंड वाकडं करून टाकला.

"आणि हिचा?" तंकमणीने विचारलं.

"तिला कशाला फोन? मी आहे ना," मेंबर म्हणाला.

ओमना तोवर जीपमध्ये चढून बसलीसुद्धा होती. पंचेचाळिशीची, सावळी, काठाची साधी साडी. हातात एक कापडी पिशवी. ती तिने ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ठेवली, दोन्ही हात जोडले आणि तसेच जोडून ठेवले. तंकमणीने आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं. दुकानाच्या दारात साडी नेसवून उभी करतात ती बाहुलीसुद्धा जरा अधिक जिवंत दिसते, असं तिच्या मनात आलं आणि तिने माइक सुरू केला.

शाळेच्या वळणापर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे बसथांब्यावर बरीच माणसं होती. तंकमणीने सूर चढवला. "पुळक्कराच्या प्रिय मतदारांनो, तुमच्या सुखदुःखात सदैव धावून येणाऱ्या, तुमच्या लाडक्या..."

टक-टक-टक, घर्रर्र.

"...पुरुषोत्तमन," एवढंच काय ते पुढे ऐकू आलं. बसथांब्यावरची पोरं हसली. मेंबरने मागून मोयदीनच्या खांद्यावर थाप मारली. "काय लावलंय हे?"

"काही नाही. ढेकर आली असेल गाडीला," मोयदीन म्हणाला.

ती ढेकर दुपारपर्यंत चार-पाच वेळा आली. कधी चालत्या गाडीत, कधी उभ्या. कधी घाटीवर, कधी सपाट रस्त्यावर. दोन-तीन सेकंद घरघरायची आणि जशी आली तशी जायची.

संध्याकाळी मोयदीनने जीप आपल्या शेडमध्ये घेतली. माइक-सेटच्या धंद्यात त्याची हयात गेली होती आणि तेवढ्यावर तो स्वतःला डॉक्टर समजायचा. त्याने इंजिन चालू केलं, पाय दाबून रेस केली. रेस वाढली की आवाज वाढतो का ते पाहिलं. तसं असतं तर डायनॅमोचा दोष. आवाज आलाच नाही. मग त्याने अर्थिंगची वायर सोडवली, पट्टीवरचा गंज घासून काढला, पुन्हा आवळली. माइकची केबल वाकवून, पिळून, झटकून पाहिली. भोंग्यांचे स्क्रू कसले. दिवे लावले, वायपर फिरवले, हॉर्न वाजवला. घरघर कुठेच नाही, भोंगा एकदम स्वच्छ.

"झालं," तो म्हणाला. "अर्थिंग होतं."

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या आळीत शिरताच भोंगा घरघरला.

"अर्थिंग होतं ना?" तंकमणीने विचारलं.

"दुसरं अर्थिंग असेल," मोयदीन म्हणाला.

पुढे त्याने ॲम्प्लिफायरसाठी वेगळी बॅटरी लावली, गाडीच्या वायरिंगशी त्याचा संबंधच ठेवला नाही. घरघर आली. माइक बदलला. आली. एक भोंगा काढून एकच ठेवला. आली, फक्त अर्ध्या आवाजात आली. शेडमध्ये मात्र कधीच येत नसे. "गाडीवर वजन पडलं की येते," असा शोध मग मोयदीनने लावला आणि शेडमध्ये सिमेंटची पोती जीपमध्ये ठेवून पाहिली. पोत्यांनी काही घरघर केली नाही.

एव्हाना गावाला करमणूक मिळाली होती. विरोधी उमेदवाराच्या पोरांनी ओमनाचं नाव 'घर्र-ओमना' ठेवलं. जीप दिसली की ती आधीच घशातून आवाज काढायची. मेंबरचं म्हणणं पडलं की हा घातपात आहे. आधी त्याने विरोधकांवर संशय घेतला, मग वीजमंडळाच्या तारांवर, मग मोयदीनवर.

"तू त्यांच्याकडून तर नाही ना काही घेतलंस?" त्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत विचारलं.

मोयदीनने परिप्पुवडा तोंडात धरूनच उत्तर दिलं. "घेतलं असतं तर गाडीच बंद ठेवली असती, मेंबर. एवढी मेहनत कशाला करेन?"

शेवटी मेंबरने पालक्काडहून एक तज्ज्ञ आणला. त्याचं नाव ग्लॅडसन. डोळ्यांवर काळा चष्मा, कमरेला मीटर, आणि बोलताना दर वाक्यात 'फ्रिक्वेन्सी'. आल्या आल्या त्याने विचारलं, "कुणाकडे मोबाईल आहे का?" तंकमणीने डबा दाखवला. त्याने आपलाही त्यात टाकला. मेंबरने खिसे उलटे करून दाखवले, मोयदीनने शर्ट वर केला. ओमना मागच्या बाकावर हात जोडून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तज्ज्ञ तिच्या पायाशी वाकून ॲम्प्लिफायर तपासू लागला तेव्हा तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्याचं झाल्यावर पुन्हा खोक्यावर ठेवली.

"जुनं मॉडेल," ग्लॅडसन म्हणाला. "शिल्डिंग नाही. बदला."

"नवीनमध्ये येणार नाही ना?" मेंबरने विचारलं.

"गॅरंटी," ग्लॅडसन म्हणाला. तंकमणीला या शब्दाची मौज वाटली. तिने हाच शब्द टक्कल जाण्याच्या तेलासाठी वर्षभर भोंग्यावर उच्चारला होता.

नवीन ॲम्प्लिफायर आलं. त्याला निळा दिवा होता. पहिल्याच चौकात ते जुन्यापेक्षा जास्त जोरात घरघरलं, कारण ते जास्त ताकदीचं होतं. मेंबर त्याच रात्री कुठल्याशा मांत्रिकाकडून काळा दोरा मंत्रून घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने भोंग्याला बांधला. आता जीपवर तीन इलाज होते: मोयदीनचं अर्थिंग, ग्लॅडसनचं शिल्डिंग आणि मांत्रिकाचा दोरा. घरघर तिघांनाही दाद देत नव्हती.

तंकमणी हे सगळं पुढच्या सीटवरून बघत होती. तिचा संताप वेगळ्या कारणाने होता. तिच्या आवाजात कुणी आडवं आलेलं तिला चालत नसे. नवरा हयात असताना तोही तिच्या बोलण्यात तोंड घालत नसे. या घरघरीचं एक तिच्या ध्यानात आलं होतं. सकाळी ती आणि मोयदीन दोघंच जीप घेऊन निघत, मेंबरच्या दारापर्यंत माइक तपासत जात. त्या वाटेवर कधीही आवाज नाही. यायचा तो मेंबर आणि ओमना चढल्यावर. मेंबरच्याच अंगात काहीतरी आहे, अशी तिची खात्री होत चालली होती. एवढा खोटेपणा एका ठिकाणी साठला की यंत्रालासुद्धा ते सोसत नसेल.

शुक्रवारी दुपारी मोयदीन नमाजाला गेला. जीप मशिदीपलीकडे फणसाच्या सावलीत उभी होती. मेंबर 'मीटिंग'ला गेला होता. ती मीटिंग ताडीच्या दुकानात असे आणि तिथली मासळी चांगली होती. जीपमध्ये दोघीच उरल्या. तंकमणीने केळीच्या पानात बांधून आणलेला भात सोडला. ओमनाने आपला सोडला. ॲम्प्लिफायर चालूच होतं, आवाज बारीक करून ठेवलेला.

टक-टक-टक, घर्रर्र.

तंकमणीचा घास हातात राहिला. इंजिन बंद. वारा नाही. वायर हललेली नाही. मेंबर अर्धा मैल दूर, मासा खातोय. तिने आरशात पाहिलं. ओमनाचा डावा हात खोक्यावरच्या पिशवीवर पडला होता आणि तिथेच थांबला होता.

"ओमना, ती पिशवी इकडे दे."

"का, चेची?" ओमनाने थोरल्या बहिणीला म्हणावं तसं विचारलं.

"दे म्हटलं ना."

ओमनाने दिली. तंकमणीने उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने आत चाचपलं. प्रचाराची पत्रकं, छत्री, एक पंचा. पंच्याच्या घडीत छोटासा मोबाईल. आकडे झिजलेले, पाठीमागचं झाकण रबराने बांधलेलं. आवाज बंद होता, पण पडद्यावर कुणाचं तरी नाव चमकत होतं.

"हा कुणाचा?"

"माझा."

"मेंबर म्हणतात तुला फोन नाही."

"त्यांना तसं वाटतं," ओमना म्हणाली. आवाज शांत होता. तंकमणीने इतक्या दिवसांत तो जवळजवळ पहिल्यांदाच ऐकला.

"आम्ही इथे गाडीत पोती भरून पाहिली. तज्ज्ञ आणला. आणि तू हात जोडून बसलीस?"

"मला ठाऊक नव्हतं याच्यामुळे होतंय ते. आवाज तर मी बंद ठेवला होता. नंतर शंका आली. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही."

"कोण फोन करतं तुला?"

"जानकी. कुंजम्मा. आमच्या बचत गटाच्या बायका. फोन नाही करत, नुसता वाजवून ठेवतात. एकदा वाजवला की त्या आळीतल्या बायका तयार आहेत. दोनदा वाजवला की कुणीतरी अडून बसलंय, संध्याकाळी जाऊन बोलायचं."

"संध्याकाळी कधी जातेस?"

"पाणी आणायला जाते ना. हंडा घेऊन कुठल्याही घरी जाता येतं. कुणी विचारत नाही."

तंकमणीने फोन पंच्यात गुंडाळला. "नवऱ्याला सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं तर फोन त्यांच्या खिशात जाईल, चेची. मग जानकी फोन करेल, ते 'हॅलो, मेंबर बोलतोय' म्हणतील आणि ती ठेवून देईल. घरच्या फोनवर नेहमी तेच होतं." ओमनाने पानातला भात एका बाजूला सारला. "बायकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. नवऱ्यासाठी मत मागायला आली असशील तर हंडा उचल आणि चालू लाग. तो दाखवेल तिथे सही करणार असशील तर आम्ही समोरचीला देतो, तिचा नवरा निदान गप्पा तरी बऱ्या मारतो. तू स्वतः खुर्चीत बसणार असशील तर बोल."

"मग काय म्हणालीस?"

"बसेन म्हटलं."

तंकमणीला आधी रागच आला. आपल्याला मूर्ख बनवलं गेलं याचा राग, आणि तेही अशा बाईने, जिला तिने आरशातून एकदा पाहून निकालात काढलं होतं. मेंबरने खिसे उलटे केले, मोयदीनने पोट दाखवलं, पालक्काडच्या शहाण्याने आपला फोन डब्यात टाकला, आणि जी बाई निवडणुकीला उभी होती तिच्या पिशवीत बघावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. मेंबरचं ठीक होतं. त्याच्याकडून तिची अपेक्षाच नव्हती. पण हा डबा तिचा होता आणि नियम तिचा होता. तिनेही ओमनाला बाकाच्या हिशेबातच धरलं होतं.

"खुर्चीत बसशील म्हणतेस," ती म्हणाली. "तो बसू देईल?"

"विचारणार नाही मी त्यांना."

तंकमणीने भात संपवला, हात धुतले, पान गाईला टाकलं. मग म्हणाली, "पिशवी खोक्यावर ठेवू नकोस. बाकाच्या त्या टोकाला ठेव, मागच्या दाराशी. एवढं अंतर राहिलं की भोंगा पकडणार नाही."

"तुम्ही सांगणार नाही ना?"

"कुणाला सांगू? डॉक्टरला, तज्ज्ञाला की मांत्रिकाला?"

दुसऱ्या दिवसापासून घरघर थांबली. मोयदीनने सगळ्यांना सांगितलं की अर्थिंगला मुरायला वेळ लागतो. ग्लॅडसनने फोनवरून कळवलं की नवीन मशीन सेट व्हायला तीन-चार दिवस जातातच. मेंबर मांत्रिकाकडे नारळांचा घड घेऊन गेला. तंकमणीने तिघांचंही ऐकून घेतलं आणि तिघांनाही "बरोबर" म्हणाली. मजकुरात मात्र ती हळूहळू फेरफार करू लागली. मेंबरचं नाव आठाचं पाचवर आलं, मग तीनवर. ओमनाचं वाढत गेलं. मेंबर जीपमध्ये असतानाच हे चाललं होतं, पण तो भोंग्यावर काय चाललंय ते ऐकत नसे. तो रस्त्यावर कोण आपल्याला पाहतंय ते पाहत असे.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी चौकात कोट्टिकलाशम होता. सगळ्या पक्षांच्या जीपा एकाच ठिकाणी, चेंड्याचे ढोल वाजतायत, झेंड्यांच्या काठ्या एकमेकींत अडकतायत, आणि संध्याकाळी पोलिसांनी शिट्टी मारेपर्यंत ज्याला जेवढं ओरडायचं तेवढं ओरडून घ्यायचं. तंकमणीला हा दिवस आवडे. या दिवशी कुणाचंच काही ऐकू येत नाही, त्यामुळे कुणीच कुणाला फसवत नाही.

वेळ संपत आली तसे चेंडावाले दमून थांबले. मेंबरने नेमकी ती संधी साधली. जीपच्या मागच्या बाकावर उभा राहून त्याने हात पुढे केला. "माइक दे इकडे."

तंकमणीने दिला. त्याच्या पैशाचा प्रचार होता.

"पुळक्कराच्या बंधूंनो," मेंबर सुरू झाला. "मी दोन खेपा तुमची सेवा केली. मी रस्ता आणला. मी ठरवलंय की या खेपेला मी..."

तो रस्ता फरशांच्या दुकानापर्यंत येऊन थांबला होता, हे चौकातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तंकमणीने आरशात पाहिलं. ओमनाने बाकाच्या टोकाची पिशवी शांतपणे उचलली, ॲम्प्लिफायरवर ठेवली आणि हात जोडून बसली. गर्दीच्या कडेला जानकी उभी होती. तिच्या कानाला फोन होता आणि तिचं तोंड बंद होतं. तिच्या शेजारी कुंजम्मा, तिचंही तसंच.

"...मी तुम्हाला वचन देतो की मी..."

टक-टक-टक, घर्रर्र.

मेंबरने माइकवर टिचकी मारली. "मी म्हणतोय की मी..."

घर्रर्र.

एक थांबली की दुसरी फोन लावत होती. चौक हसायला लागला. समोरच्या पक्षाची पोरंही आपल्या जीपवरून वाकून बघू लागली. ग्लॅडसन गर्दीतून धावत आला आणि निळ्या दिव्याकडे बघत उभा राहिला. मोयदीनने सवयीने बॉनेट उघडलं. मेंबर घाम पुसत काळा दोरा आवळू लागला. तिघं तीन दिशांना वाकले होते आणि पिशवी सगळ्यांच्या नाकासमोर होती.

तंकमणीने मेंबरच्या हातून माइक काढून घेतला. "मशीनला मेंबरांचा आवाज मानवत नाही असं दिसतंय," ती शांत सुरात म्हणाली. "वेळ थोडा आहे. उमेदवार स्वतः बोलून बघतील."

"ती काय बोलणार?" मेंबर पुटपुटला; पण माइक तोंडाजवळच होता, तेव्हा तेही चौकाने ऐकलं.

ओमनाने पिशवी उचलून खांद्याला लावली आणि जीपमधून खाली उतरून, केबल पोचेल तेवढी पुढे जाऊन उभी राहिली. भोंगा स्वच्छ झाला.

"माझं नाव ओमना," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण पोचत होता. "नळाला पाणी येत नाही हे मला कुणी सांगायला नको. आमच्या घरातून दोन वेळा मेंबर निवडून गेले, तरी पाणी मीच भरते. तुम्ही मत दिलंत तर खुर्चीत मी बसेन. तुमचं काम असेल तर माझ्याकडे या. आमच्या दुकानात जायचं कारण नाही."

एवढंच. पोलिसांची शिट्टी झाली. टाळ्या फार नव्हत्या. बायका टाळ्या वाजवत नाहीत, त्या एकमेकींकडे बघतात. त्यांनी तसं बघितलं. मेंबर मोठ्याने हसला. घरी गेल्यावर काय झालं ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ओमना नेहमीसारखी हंडा घेऊन बाहेर पडली, एवढं लोकांनी पाहिलं.

ती निवडून आली. फार मोठ्या फरकाने नाही, पण आली. मेंबरने हार घालून घेतले आणि जो भेटेल त्याला सांगितलं, "माझ्या कामावर लोकांनी विश्वास दाखवला." शपथ झाली त्या दिवशी तो तिच्यासोबत पंचायतीच्या कचेरीत गेला. कारकुनाने जुन्या सवयीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. ओमना त्या खुर्चीत बसली आणि कारकुनाला म्हणाली, "ते बाहेर थांबतील. मला सोडायला आलेत." हे शिपायाने मोयदीनला सांगितलं आणि मोयदीनने तिखटमीठ लावून तंकमणीला. तंकमणी म्हणाली, "बघू किती दिवस."

बरेच दिवस निघाले. पाणी आलं, तेही दिवसाआड आणि मेंबर रोज ज्याला नावं ठेवायचा त्याच इंजिनियरकडून आलं. मेंबर दुकानात फरशा विकू लागला आणि गिऱ्हाइकांना राजकारण किती घाणेरडं झालंय ते सांगू लागला.

पुढच्या उत्सवाच्या आधी एक दिवस मोयदीन तणतणत आला. "ऐकलंस तुझ्या ओमनाने काय केलं? पंचायतीत ठराव आणला. दवाखान्यासमोर आणि शाळेसमोर भोंगा लावायचा नाही. गाडीचासुद्धा नाही. पास झाला."

"माझी कसली ओमना?" तंकमणी म्हणाली, पण ती उठली आणि तडक तिच्या घरी गेली.

ओमना अंगणात बसून कसलेसे अर्ज बघत होती. फोन शेजारी पायरीवर उघडा ठेवला होता.

"आमच्या पोटावर पाय देतेस?" तंकमणीने उभ्याउभ्याच विचारलं. "कुणाच्या भोंग्यावर निवडून आलीस ते विसरलीस वाटतं."

"बसा, चेची."

"बसायला आले नाही."

"दवाखान्यात बाळंतिणी असतात, चेची. नव्या बाळाला दिवसभर भोंगा ऐकवायचा का? तेवढा तुकडा सोडा, बाकी सगळा रस्ता आहेच की."

"तो तुकडाच गर्दीचा आहे."

"ते मला ठाऊक आहे," ओमना म्हणाली आणि सरळ तिच्याकडे बघत राहिली. हात जोडले नाहीत.

तंकमणी तशीच परत आली. वाटभर ती मनाशी म्हणत होती की एकदा खुर्चीचा वारा लागला की सगळी सारखीच; जीभ सुटायला आपणच वाट करून द्यायची आणि पहिला चटका आपणच खायचा. मोयदीनला तिने हेच सांगितलं, याहून वाईट शब्दांत.

उत्सवाची जीप निघाली तेव्हा दवाखान्याच्या वळणाआधी तंकमणीने माइक बंद केला. रस्त्यावर बाजाराची गर्दी होती, सगळी तोंडं जीपकडे वळलेली. मोयदीनने तिच्याकडे पाहिलं.

"पोलीस नाही कुठे," तो म्हणाला.

"पुढे बघून गाडी चालव," तंकमणी म्हणाली. "बाळंतिणी असतात."